बेदर अडीच दिवसांत: किल्ला, कबरी, झरे आणि आसपासची गावं

बेदरला जाणारे बहुतेक मराठी लोक एक तर नांदेडहून गुरुद्वाऱ्यासाठी जातात, नाही तर हैदराबादच्या वाटेवर दोन तास गाडी थांबवतात. दोन तासांत किल्ल्याचा दरवाजा आणि एखादी तोफ पाहून होते, मग ‘पडझडच जास्त आहे’ म्हणत लोक निघतात. पडझड आहेच. पण जे उरलंय त्यातलं सगळ्यात चांगलं कुलपाआड, अंधारात किंवा जमिनीखाली आहे. त्याला वेळ लागतो, आणि कुठे कधी पोचायचं याचा थोडा हिशेब लागतो. तो हिशेब इथे मांडला आहे.

सरकारी पाट्यांवर नाव ‘बीदर’ असं दिसेल. आपल्याकडे जुन्या बोलण्यात ते बेदर: मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन पांडुरंग धान्याचे पैसे भरायला गेला, तो बेदरच्या बादशहाच्या दरबारात. सीमालढ्यातली ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी’ ही घोषणाही अजून अनेकांच्या कानात असेल. जुन्या हैदराबाद संस्थानात उदगीर, निलंगा, अहमदपूर हे भाग बिदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे भालकी-औरादकडे मराठी सर्रास चालते आणि शहरात दख्खनी, म्हणजे उर्दूची इथली बोली. दख्खनीतला ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा भाऊ. भाषेची अडचण अशी येत नाही.

आधी दगड बघा

हे वाचायला दोन मिनिटं लागतील, पण याने पुढचे अडीच दिवस सोपे होतात. बेदर जांभ्याच्या पठाराच्या अगदी कडेला वसलेलं आहे. कोकणात घरं बांधतात तोच हा जांभा, फक्त इथे तो समुद्रापासून कित्येक मैल आत, साडेसहाशे मीटरच्या वर आहे. या सच्छिद्र दगडातून पावसाचं पाणी खाली झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या आणि काळ्या पाषाणाच्या थराला अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. नानक झिरा, नरसिंह झरणी, पापनाश ही सगळी त्याच पाण्याची तोंडं.

जांभा ताजा असताना सहज कापता येतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून किल्ल्याचे खंदक खडकातच कोरता आले आणि पाण्याचे बोगदेही. पण त्याचा पृष्ठभाग भोकाभोकांचा, त्यावर नाजूक कोरीवकाम होत नाही. बहमनी कारागिरांनी मग वरून चुन्याचा गिलावा केला, इराणी पद्धतीच्या रंगीत फरशा लावल्या आणि कडांना काळ्या पाषाणाच्या पट्ट्या बसवल्या. गिलावा आणि फरशा गळल्या की उरते ती कोकणातल्या कुंपणासारखी दिसणारी लालसर भिंत. नवख्या माणसाची निराशा इथेच होते. म्हणून प्रत्येक इमारतीत नजर आधी कोपऱ्यांत, कमानींच्या खांद्यांवर आणि छज्जाखाली न्या. पाऊस पोचत नाही तिथेच रंग टिकलाय.

कधी जायचं, कसं पोचायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबरच्या शेवटी, पठार हिरवंगार असतं, पण जांभ्यावर शेवाळ धरतं आणि तटावरून पाय घसरतो. चपला नकोत, खाचांच्या तळाचे बूट घाला. एप्रिल-मे टाळा, किल्ल्यात सावली फार कमी आहे.

वार महत्त्वाचा. पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालयं साधारणपणे शुक्रवारी बंद असतात आणि जामा मशिदीत दुपारी नमाजाची गर्दी असते. गुरुवारी दर्ग्यांत गर्दी, शनिवार-रविवारी नरसिंह झरणीवर रांग. सोमवारी सकाळी शहरात आणि बुधवारी दुपारी बाहेर, हे गणित सगळ्यात सुटसुटीत.

मुंबईहून लातूरमार्गे बिदरला थेट गाडी आहे, मात्र ती रोज नाही; वार तपासून आरक्षण करा. ती नसेल तर लातूर किंवा उदगीरपर्यंत येऊन पुढे एसटी घ्यावी. उदगीर-बिदर हा दोन तासांच्या आतला रस्ता. हैदराबादहून जहीराबादमार्गे सुमारे 140 किलोमीटर. एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवावी: आपल्या एसटीतली अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपुरती असते, आणि कर्नाटकाच्या बसमधला मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे. पूर्ण तिकिटाचे सुटे पैसे हाताशी ठेवा, कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही. बसच्या पाट्या कानडीत असतात, म्हणून स्थानकावर गावाचं नाव मोठ्याने विचारणं हाच सगळ्यात जलद मार्ग.

शहरात रिक्षा भरपूर आहेत. एकेक फेरी ठरवण्यापेक्षा अर्ध्या दिवसाची ठरवा आणि जागांची नावं आधीच मोजून सांगा. ‘अष्टूर’ म्हटल्यावर काही रिक्षावाले चौखंडीवरच थांबवतात, कारण दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. ‘चौखंडी और अष्टूर के गुंबद, दोनों’ असं स्पष्ट सांगा.

ड्रोन घरी ठेवा. बिदरला हवाई दलाचा तळ आहे, डोक्यावरून प्रशिक्षणाची विमानं घरघरत असतात आणि त्या बाबतीत कुणी हसून सोडत नाही.

पहिला दिवस: मदरसा, चौबारा, किल्ला

सकाळी सुरुवात महमूद गवानच्या मदरशापासून करा. दर्शनी बाजू पूर्वेला आहे, म्हणून दहाच्या आत गेलात तरच फरशांवर ऊन मिळतं. दुपारनंतर समोरची भिंत सावलीत जाते आणि निळा रंग राखाडी दिसतो. गवान इराणातल्या गिलानचा. 1453 मध्ये तो बेदरला आला, पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला आणि 1472 मध्ये त्याने हे तीन मजली विद्यालय बांधलं. 1481 मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. पुढे औरंगजेबाच्या काळात इमारतीत दारूगोळा साठवला होता, 1696 मध्ये त्याचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा एका मिनारासकट उडाला.

उरलेल्या मिनाराजवळ जाऊन उभे राहा. नागमोडी पट्ट्यांमधल्या फरशा कुठे पूर्ण आहेत, कुठे फुटल्यात ते बघा. फुटलेल्या जागी फरशीची जाडी, तिच्यामागचा चुना आणि त्याच्यामागची चिरेबंदी असे तिन्ही थर एकदम दिसतात. मग वर, छताच्या कडेखालची अक्षरांची पट्टी बघा. छोटी दुर्बीण असेल तर इथे कामाला येते. आत चौकाभोवतीच्या खोल्या मूळच्या वर्गांच्या आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या. एवढ्याला पाऊण तास द्या.

तिथून चालत चौबारा. चार रस्त्यांच्या मध्यावरचा हा गोल टेहळणी बुरूज सुमारे 22 मीटर उंच आहे. आत जिना आहे, पण वर सोडतीलच असं नाही. त्याचा खरा उपयोग दिशा समजायला होतो: जुनं शहर या चौकाभोवती आखलेलं आहे, आणि रस्ता चुकलात तर कुणालाही ‘चौबारा’ विचारा.

न्याहारी इथेच उरका. मुरमुऱ्यांचा सुसला (लातूर-नांदेडकडे ज्याला सुशीला म्हणतात तोच) आणि मिरची भजी. किल्ल्यात पोटभरीचं काही मिळेल अशा भरवशावर राहू नका. माणशी दोन लिटर पाणी घ्या.

किल्ल्याला किमान चार तास. अहमदशहा वलीने 1430 च्या आसपास गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली, तेव्हापासूनचं हे बांधकाम, आणि तटाचा घेर सुमारे चार किलोमीटर. गाडी आतपर्यंत जाते, हीच अडचण. लोक गाडीतून थेट आतल्या मैदानात उतरतात आणि सगळ्यात विलक्षण बांधकाम मागे राहून जातं. बाहेरच्या दरवाजापाशी उतरा. पुलावरून खाली पाहिलंत की खंदक तिहेरी दिसेल. मधल्या दोन भिंती बांधलेल्या नाहीत. खोदताना खडकच तसा सोडलेला आहे. शत्रूला एक खंदक ओलांडून भिंत चढायची, उतरायची आणि पुन्हा तेच करायचं. छिन्नीचे घाव अजून ओळखू येतात. पुढे शरजा दरवाजा, त्यावर दोन वाघांची शिल्पं, आणि त्यानंतर जाड भिंतींचा, बसक्या कमानीचा गुंबद दरवाजा.

आता कुलपांबद्दल. रंगीन महाल, तख्त महालातल्या काही खोल्या आणि दिवाण-ए-आमलगतचे फरशांचे कक्ष बहुतेक वेळा बंद असतात. काय करायचं:

1. आत गेल्यावर आधी संग्रहालय गाठा. ते जुन्या शाही हमामखान्यात आहे. संग्रहालय फार मोठं नाही, पण किल्ल्यावरचे कर्मचारी तिथे सापडतात.
2. थेट ‘रंगीन महाल कब खुलेगा, चाबी किसके पास है?’ असं विचारा. ‘कुछ दिखाओ’ म्हटलंत तर तोफ दाखवतात.
3. चार-पाच जण जमले की माणूस सोबत येण्याची शक्यता वाढते. दुसरे पर्यटक दिसले तर त्यांना सोबत घ्या.
4. जेवणाच्या वेळेला जाऊ नका. अकरापूर्वी किंवा तीननंतर.
5. नाही म्हटले तर हुज्जत नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची एक फेरी मोकळी ठेवा.

रंगीन महालासाठी एवढी खटपट का, तर असं काम दख्खनमध्ये फार थोड्या ठिकाणी आहे. बहमनींनंतर बेदरवर राज्य करणाऱ्या बरीदशाहीतल्या अली बरीदने (1542 ते 1580) हा महाल नव्याने सजवला. बाहेरच्या दालनात कोरीव लाकडी खांब. आतल्या दाराच्या चौकटीचा काळा पाषाण कोरून त्यात शिंपल्याचे तुकडे बसवलेत. दारातून तिरका उजेड आला की काळ्या दगडावर आधी काहीच दिसत नाही, मग मान दोन बोटं कलती केली की वेलबुट्टी आणि अक्षरं गुलाबी-हिरव्या झाकेत उमटतात. बॅटरीचा झोत समोरून मारलात तर ही झाक मरते. बाजूने, खालून धरा.

सोळा खांबी मशीद आत गेल्यावर बघाल तर खांब सोळापेक्षा कितीतरी जास्त. पूर्वी दर्शनी बाजूला भिंत होती, तेव्हा मोजकेच खांब बाहेरून दिसत, त्यावरून नाव पडलं. हिची पहिली उभारणी 1423-24 ची, म्हणजे राजधानी यायच्या आधीची. तख्त महालात कमानीच्या खांद्यावर फरशांचा वाघ शोधा; त्याच्या पाठीवर उगवता सूर्य आहे. गगन महाल, तर्कश महाल जाता जाता होतात. शेवटचा तास तटावर ठेवा: उत्तर-पूर्वेला पठार एकदम संपतं आणि खाली मांजरेच्या खोऱ्यातली शेतं पसरतात. आपल्या पाटोद्याकडे उगम पावणारी तीच मांजरा. तटाला कठडे नाहीत. मुलांचा हात धरा.

दुसरा दिवस: अष्टूर, झरे, बरीदशाही कबरी

सकाळी आठला निघा. पूर्वेला तीन-चार किलोमीटरवर अष्टूर. वाटेत डावीकडे-उजवीकडे न बघता चौखंडी दिसतेच: टेकाडावरची अष्टकोनी, दोन मजली कमानींची वास्तू, सूफी खलीलुल्लाह यांची. दाराभोवतीची काळ्या पाषाणावरची अक्षरं दहा मिनिटं थांबून बघण्यासारखी आहेत.

अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी एका रांगेत आहेत. पहिली, अहमदशहा वलीची (मृत्यू 1436), आजही दर्गा आहे. चपला बाहेर, डोकं झाकलेलं. त्याला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत मंडळी आपले संत अल्लमप्रभू यांचं रूप मानतात. होळीनंतरच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळहून जंगम मिरवणुकीने येतात. आतला घुमट शेंदरी, सोनेरी, निळ्या रंगांत अक्षरांनी भरलेला आहे, पण दारातून आलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं काळोखच दिसतो. डोळे स्थिरावू द्या. खिशात तळहाताएवढा आरसा ठेवा, दारातलं ऊन त्यावर घेऊन घुमटावर फेका. बॅटरीपेक्षा हे शंभरपट बरं, कारण खरा रंग दिसतो. हे सकाळीच जमतं, आणि आधी राखणदाराला विचारून. फ्लॅश मारू नका, रंग सहाशे वर्षांचे होत आलेत.

पुढे चालत जा. अलाउद्दीनच्या (मृत्यू 1458) कबरीवर बाहेरून फरशांचे तुकडे टिकलेत. त्यानंतर हुमायून, ज्याला लोक ‘जालीम’ म्हणतात. त्याच्या घुमटावर वीज पडली आणि निम्मा घुमट कोसळला. उरलेला अर्धा एखाद्या कापलेल्या भोपळ्यासारखा उभा आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने इथेच बसून चित्र काढावं: भिंतीची जाडी कुठे कमी होत जाते, चौकोनावरून गोलाकडे बांधकाम कसं वळतं, विटा कुठून सुरू होतात, सगळं उघडं आहे. त्यापुढच्या कबरी लहान लहान होत जातात. राज्य फुटून विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, वऱ्हाड आणि बेदर अशा पाच शाह्या झाल्या, त्याचा ताळेबंद या रांगेत पायी वाचता येतो.

दुपारी पाण्याकडे वळा. नरसिंह झरणी म्हणजे टेकडीत खोदलेला सुमारे तीनशे मीटरचा बोगदा. कमरेपासून छातीपर्यंत पाण्यातून चालत जायचं आणि टोकाला मूर्ती. इथे घोळ होतो तो बहुतेक तयारीअभावी. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली एकाने बाहेर सांभाळावी. सुती, सुटसुटीत कपडे घाला, जीन्स भिजली की जड होते. कोरड्या कपड्यांचा जोड वेगळ्या पिशवीत घ्या. लहान मूल खांद्यावर घ्यावं लागतं. छताला वटवाघळं असतात, ती काही करत नाहीत. मात्र दम्याचा त्रास असलेल्यांनी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी आत जाऊ नये: गर्दीत हवा कोंदट होते आणि मधूनच परत फिरणं कठीण असतं. बोगदा अधूनमधून बंदही ठेवतात, रिक्षा करण्यापूर्वी शहरातच विचारून घ्या.

गुरु नानक झिरा साहिब त्या मानाने सोपा. डोक्यावर रुमाल, पाय धुऊन आत, झऱ्याचं पाणी आणि लंगर. खालसा पंथाच्या पहिल्या पाच जणांपैकी, म्हणजे पंचप्याऱ्यांपैकी, भाई साहिबसिंग याच शहरातले. दुपारचं जेवण इथेच घ्या, आणि ताटात लागेल तेवढंच.

नौबादच्या करेझसाठी तासभर काढाच. पंधराव्या शतकातला हा भूमिगत कालवा इराणी तंत्राचा. लोक त्याला ‘सुरंग बावी’ म्हणतात. जांभ्यात झिरपलेलं पाणी हलक्या उताराच्या बोगद्यातून वाहून आणायचं, आणि ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी सोडायच्या: खोदताना माती काढायला, नंतर हवेला आणि पाणी शेंदायला. औरंगाबादची नहर-ए-अंबरी पाहिली असेल तर तत्त्व लगेच कळेल. गावातल्या सिद्धेश्वर मंदिराची वाट विचारा. वरून या विहिरी साध्या दिसतात, पण काठ ढिले असतात. वाकून बघायचं तर पोटावर झोपा. सोबतीला माहीतगार नसेल तर खाली उतरू नका.

ऊन कललं की पश्चिमेला उदगीर रस्त्यावरच्या बरीदशाही कबरी. अली बरीदच्या कबरीला चारी बाजूंना भिंती नाहीत, नुसत्या उंच कमानी. सूर्य मावळताना उजेड एका कमानीतून शिरून समोरच्या फरशांच्या पट्टीवर पडतो. सकाळी अष्टूरचे बंद, अंधारे घुमट पाहिलेले असले की याची गंमत दुप्पट.

बिदरी घेताना

बिदरी म्हणजे काळ्या धातूवर चांदीची तार बसवलेली इथली भांडी. चौबाऱ्याच्या आसपास त्यांची दुकानं आणि मागच्या बाजूला कारखाने आहेत. विकत घेण्याआधी घडताना बघा. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं कानशीने साफ करतात, मोरचुदाने तात्पुरतं काळं करतात, त्यावर टोकदार सळईने नक्षी ओढतात, छिन्नीने खोबण पाडतात आणि तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात भांडं धरलं की धातू कायमचा काळा होतो, चांदी पांढरी राहते. 2006 पासून या कामाला भौगोलिक मानांकन आहे आणि 2023 मध्ये इथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली.

तपासणी सोपी. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, ठेवून द्या. तारेवरून नख फिरवा: ती सपाट लागली पाहिजे, टोकं उचललेली नकोत. नक्षी कडेला जाऊन अचानक पुसट होत असेल तर ती रंगवलेली आहे. बिलावर ‘चांदीची तार’ असं लिहून घ्या. घरी पितांबरी किंवा चिंच लावाल तर काळा रंगच निघेल. खोबरेल तेलाचा थेंब आणि मऊ फडकं पुरे.

उरलेला अर्धा दिवस: हुमनाबाद आणि बसवकल्याण

सोलापूरकडे परतणाऱ्यांनी गाडी करून हाच मार्ग घ्यावा. हुमनाबाद सुमारे 50 किलोमीटर. लगतच्या माणिकनगरला माणिकप्रभूंची (1817 ते 1865) समाधी. दत्तजयंतीला इथे महाराष्ट्रातून इतके भक्त येतात की मुक्कामाला खोली मिळणं मुश्कील, त्या दिवसांत फक्त दर्शनापुरता बेत ठेवा. जवळच जलसंगीचं चालुक्य मंदिर. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक सुंदरी चक्क शिलालेख लिहिताना कोरली आहे, त्यात चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याची स्तुती आहे. ती पटकन सापडत नाही, मंदिराला सावकाश पूर्ण फेरी घाला.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी, ‘मिताक्षरा’ हा हिंदू कायद्याचा ग्रंथ लिहिला गेला ती नगरी, आणि बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुभवमंटपाचं, म्हणजे लिंगायत संतांच्या चर्चासभेचं, गाव. आज त्या काळातलं जमिनीवर फार थोडं उरलंय. किल्ला बघा, आणि वेळ असेल तर नारायणपूरचं मंदिर. बसवण्णांची 108 फुटी मूर्ती नवी आहे, दुरूनच दिसते. इथून दुपारी तीनला निघालात तर महामार्गाने उमरग्यावरून नळदुर्ग उजेडात गाठता येतं. त्याहून उशीर झाला तर नळदुर्ग सोडा आणि सरळ सोलापूर धरा.